डबल बेल

रोज पहाटे साडेपाचला मी आमच्या घराच्या लोखंडी फाटकावर खलबत्त्यातल्या बत्त्यानं दोन ठोके देतो. टण, टण. एकाच ठोक्यानं भागत नाही. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकदा झोपेच्या तारेत तिसरा पडला, तर समोरचे बाळूकाका पंचा सावरत ओट्यावर आले.

"कोण गेलं?"

"कुणी नाही हो. बाळ्याला उठवायलोय."

"मी तर कवाच उठलोय," असं म्हणून ते आत गेले.

या दोन ठोक्यांनी जुन्या जालन्यातली आमची अख्खी गल्ली उठते. ज्याच्यासाठी ते द्यायचे तो मात्र जिन्याखाली गोणपाटावर तसाच पडलेला असतो. थोड्या वेळानं त्याचा डावा कान हलतो. मग शेपटीचं टोक. मग पुढचे दोन पाय उभे राहतात आणि मागच्या दोघांची वाट बघतात. मागचे येईपर्यंत पुढचे दमून बसलेले असतात. अशा दोन-तीन वाटाघाटी होऊन चौघांचं एकमत झालं, की बाळ्या उठला असं समजायचं. तोवर मी फाटकाला टेकून एक डुलकी काढून घेतो.

बाळ्या हा कुत्रा आहे. वय बारा. पिल्लू असताना बाळ्या म्हटलं, ते राहिलं. आपल्याकडे नाव ठेवताना पुढचा विचार करायची पद्धतच नाही. म्हणून तर घरोघरी सत्तरीचे बाळासाहेब, कवळी लावणाऱ्या बेबीताई आणि नातवाच्या बारशाला काठी टेकत येणारे छोटूमामा सापडतात. मी गल्लीत "बाळ्या, ए बाळ्या, शी करून घे" असं ओरडतो, तेव्हा बाळूकाका पेपर तोंडासमोर धरतात. पहिले काही दिवस त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

तो मूळचा आमचा नव्हे. शेजारी भाऊ राहायचे. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस. २०१३ चा उन्हाळा जालन्याचा माणूस विसरणार नाही. घरातल्या माणसांपेक्षा दारातल्या हंड्यांची संख्या जास्त आणि रात्रीची झोप टँकरच्या हॉर्नवर टांगलेली. अशाच एका टँकरच्या तोटीखाली, ठिबकणारं पाणी चाटत बसलेलं हे पिल्लू भाऊंना दिसलं. भाऊंनी ते उचललं, पण नियमानं उचललं. गाडीत सापडलेलं बेवारस सामान असावं तसं तीन दिवस ओट्यावर ठेवून मालकाची वाट पाहिली. चौथ्या दिवशी नोंद करून घेतलं.

मग त्याला एसटीच्या रीतीनं वळण लावलं. भाऊंकडे तिकिटं टोचायचा जुना चिमटा होता. त्यानं फाटकावर एकदा वाजवलं की बाळ्यानं जागच्या जागी थांबायचं, दोनदा वाजवलं की निघायचं. बस, बैस, ये, जा, हे त्याला कुणी शिकवलंच नाही. आता तो ठार बहिरा झालाय. हाक ऐकू येत नाही, फटाका ऐकू येत नाही. पण फाटकावर ठोका पडला की तो हादरा फरशीतून त्याच्या हाडांपर्यंत जातो. चिमटा भाऊंबरोबर पुण्याला गेला. बत्ता माझ्या नशिबी आला.

२०२४ च्या उन्हाळ्यात भाऊंच्या मुलानं त्यांना पुण्याला नेलं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्टमध्ये कुत्रा न्यायला बंदी, आणि सात मजले चढणं भाऊंच्या आणि बाळ्याच्या मिळून सहा पायांना जमणारं नव्हतं. (बाळ्याचा एक आणि भाऊंचा एक गुडघा तेव्हाच निकामी होता.) आदल्या रात्री भाऊ आमच्याकडे आले. चहा झाला. ते बशीकडे बघत म्हणाले, "आठ दिवस ठेवता का? तिकडं जाऊन काहीतरी बघतो."

मी "बघू" म्हणायला तोंड उघडलं. सौ. आतून म्हणाली, "त्यात विचारायचं काय, भाऊ?"

त्या आठ दिवसांतला किती काळ संपला, हे मी मोजणं सोडून दिलंय.

कुत्रा ठेवला तर चार माणसं चौकशी करणार, हे मी धरून चाललो होतो. पण जालना हे व्यापारी गाव. इथं आधी भाव आणि मग माल बघतात. "जालना सोन्याचा पालना" असं उगाच म्हणत नाहीत. येणारा प्रत्येक जण बाळ्याकडे बघून एकच विचारायचा, "उपयोग काय?"

"राखण करतो," मी सुरुवातीला सांगायचो.

हे अगदीच खोटं नव्हतं. बाळ्या भुंकतो. फक्त पंधरा मिनिटांनी भुंकतो. पोस्टमन पत्र टाकून पुढच्या दोन गल्ल्या उरकतो, तेव्हा हा उठतो, फाटकापर्यंत जातो, वास घेतो, प्रकरण समजून घेतो आणि रीतसर तीनदा भुंकतो. मी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. आलेला कागद आधी नोंदवायचा, मग वर पाठवायचा, मग खाली आला की उत्तर द्यायचं. तोवर अर्जदार गाव सोडून गेला तरी उत्तर द्यायचंच. त्यामुळे बाळ्याच्या कामात मला खोट काढता येत नाही. गॅसवाल्यानं मात्र एकदा काढली. तो भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन बाळ्याला ओलांडून आत आला, रिकामं घेऊन परत ओलांडून गेला आणि म्हणाला, "काका, हे पायपुसणं जरा बाजूला घेत जा."

मुलगी बंगळुरूला असते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, अमेरिकेत नोव्हेंबर महिना म्हाताऱ्या प्राण्यांना दत्तक घेण्यासाठी असतो. लोक मुद्दाम म्हातारे कुत्रे शोधून घरी आणतात."

"आमच्याकडे नोव्हेंबर हयातीच्या दाखल्याचा," मी म्हणालो. "बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगायचं. आणि म्हाताऱ्यांसाठी पितृपक्ष आहे की. पंधरा दिवस पुरेत. त्यातही जेवतो कावळाच."

सौ.नं फोन माझ्या हातातून घेतला. तिचा मुद्दा वेगळाच होता. स्वर्गाच्या दारात धर्मराजानं कुत्र्याला सोडायला नकार दिला, हे ती मला रोज एकदा ऐकवते. मी म्हटलं, धर्मराजाचा कुत्रा आपल्या पायांनी हिमालय चढला होता. त्याला तीन पायऱ्यांसाठी उचलावं लागत नव्हतं. बाळ्याचं वजन चोवीस किलो आहे, हे मी कुठल्याही काट्याशिवाय सांगतो. माझ्या कमरेचा मणका ते रोज दोनदा मोजतो.

वयाचा प्रश्न गल्लीतल्या गणिताच्या निवृत्त सरांनी अंगावर घेतला. मी आपला बारा साते चौऱ्यांशी करून मोकळा झालो होतो. सर दुखावले.

"सातानं गुणणं हा अडाणीपणा आहे. सॅन दिएगोच्या विद्यापीठानं २०२० मध्ये शंभरावर लॅब्राडॉर तपासले. डीएनएवर वयाप्रमाणं खुणा पडतात, त्या माणसाच्या खुणांशी ताडून पाहिल्या. वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, सोळानं गुणायचं, एकतीस मिळवायचे."

"म्हणजे एक वर्षाचा कुत्रा किती?"

"एकाचा लॉग शून्य. म्हणजे एकतीस."

मी थक्क झालो. जन्मून वर्ष होत नाही तोवर एकतीस! आमच्याकडं त्या वयाची पोरं बायोडाटा घेऊन गावोगाव फिरायलीत. सरांनी पेपरच्या कडेला आकडेमोड केली आणि बाळ्याचं वय सत्तर पूर्णांक आठ काढलं. सूत्र लॅब्राडॉरचं आहे, बाळ्याला चालेल का, अशी शंका मी काढली. "याच्या आजीकडून काहीतरी असेल," असं म्हणत सरांनी त्याच्या कानांकडे बोट दाखवलं. दुष्काळी टँकरखाली सापडलेल्या कुत्र्याची आजी कुणी पाहिलीय?

पण यातून एक पेच उभा राहिला. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आणि पासष्ट ते पंचाहत्तरवाल्यांना अर्धं तिकीट. पाढ्याप्रमाणं बाळ्या फुकट, लॉगॅरिदमप्रमाणं अर्धा. मी भाऊंना पुण्याला फोन लावून विचारलं. माणूस निवृत्त झाला तरी नियमावरून हलत नाही. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "आधार कार्डावर काय लिहिलंय त्यावर हाय."

मी अडुसष्ट. म्हणजे कुठल्याही हिशेबानं तो माझ्याहून मोठा. तेव्हापासून सौ. त्याला काला कालवताना "अहो, घ्या" म्हणते आणि आम्ही दोघंही तिकडे बघतो.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं दोन दिवस खाणं सोडलं. जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पहिला रिक्षावाला "चावतो का?" म्हणाला. मी म्हटलं, "दातच नाहीत." तो म्हणाला, "मग आजारी हाय. नको." दुसरा तीन सवारींचे पैसे मागू लागला. शेवटी सौ.नं ओळखीच्या भंगारवाल्याची हातगाडी थांबवली. गाडीवर एक मोडका कूलर, सायकलचं चाक आणि वर गोणपाटावर बाळ्या. भंगारवाला पुढून ओढतोय, मी मागून लोटतोय, अशी आमची मिरवणूक कुंडलिकेच्या पुलावरून नव्या जालन्याकडे निघाली.

जालन्यात भंगाराला जी इज्जत आहे ती दुसरीकडे नसेल. कुठकुठलं जुनं लोखंड इथल्या भट्ट्यांत येऊन वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. तुम्ही ज्या घरात हे वाचताय त्याच्या स्लॅबमध्ये एखादं जालन्यात वितळलेलं मोडकं फाटकही असेल. त्यामुळे भंगाराच्या गाडीवर जे दिसेल त्याचा भाव विचारणं हा इथला शिष्टाचार आहे. पुलावर एकानं विचारलं, "किलोनं का नगावर?" पुढे चौकात दुसरा म्हणाला, "कूलरचा वेगळा भाव सांगा." माझ्या ओळखीचा एक माजी सहकारी स्कूटरवरून गेला. मला गाडी लोटताना बघून थांबला आणि अतिशय हळव्या आवाजात विचारलं, "पेन्शन वेळेवर होत नाही का?"

भंगारवाला चढावर दम खात म्हणाला, "साहेब, जुन्या लोखंडाची सळई होती. ह्याचं काय होणार?"

"काही नाही," मी म्हणालो. "हा असाच राहणार."

"मग बरंय," तो म्हणाला. "आमच्या बापाचंबी तसंच हाय."

दवाखान्यात दोन म्हशी, खोड्यात अडकवलेला एक बैल आणि सहा शेळ्या आमच्या आधी होत्या. बसलेल्या शेतकऱ्यांनी बाळ्याला न्याहाळलं. एकानं विचारलं, "व्हरायटी कोणती? हायब्रीड का गावरान?"

हा प्रश्न जालन्यातच यावा. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, पुढं १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून इथल्या माणसाला कुठलाही सजीव दिसला की त्याचं वाण विचारल्याशिवाय राहवत नाही. सोयरीक जमवताना निदान जरा आडून विचारतात, इतकंच.

"गावरान," मी म्हटलं.

"मग टिकंल," तो म्हणाला. तिथं असलेल्या सगळ्यांत बाळ्याविषयी आशेचं बोलणारा तो एकटाच.

डॉक्टरांनी तपासलं आणि एकेक सांगायला सुरुवात केली. सांध्यांना सूज. हृदयात थोडी कुरकुर. दात पडले. पोट जड. ऐकू येत नाही. मला वाटलं चुकून माझीच फाईल उघडली. "आणि डोळे?" मी विचारलं, "निळसर झालेत. मोतीबिंदू?"

"नाही. वयानं भिंगावर अशी झाक येते. दिसतं त्याला."

"म्हणजे दिसतं, पण बघत नाही," सौ. म्हणाली. "यांच्यासारखंच."

मग पथ्य. चॉकलेट नको, द्राक्षं नको, मनुका नको, कांदा नको. आणि माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या तर चुकूनही नकोत, किडनी जाते. "मग द्यायचं काय?" सौ.नं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "भाकरी." बाळ्या बारा वर्षं भाकरीच खातोय, हे कळायला आम्हाला हातगाडीचं भाडं पडलं.

जंताची गोळी पेढ्यात घालून द्यायला सांगितली होती. सौ.नं दोन पेढे आणले. एकात गोळी, एक नुसता, लालूच म्हणून. त्याच संध्याकाळी वीज गेली. मला साखर आहे. चार वर्षांत घरात पेढा आलेला नव्हता, आणि आता अंधारात, हाताच्या अंतरावर दोन होते. पुढचं मी फार खुलवून सांगत नाही. दिवे आले तेव्हा बाळ्या रिकाम्या बशीकडे आणि सौ. माझ्या मिशीकडे बघत होती. मी डॉक्टरांना फोन लावला.

"तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग तुम्हाला डोस कमीच पडला," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि पेढा नवीन आणा."

नवीन पेढ्यातून बाळ्यानं पेढा तेवढा खाल्ला. गोळी ओठांनी बाजूला काढून, स्वच्छ चाटून, माझ्या चपलेवर ठेवली.

सौ.जवळ या सगळ्यावर एक हुकमी पान आहे, ते म्हणजे विरार. २६/११ ला मुंबईत बॉम्बशोधक पथकात काम केलेले कुत्रे निवृत्त झाल्यावर विरारच्या एका फार्मवर सांभाळले गेले. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. चौघंही २०१६ मध्येच, काही महिन्यांच्या अंतरानं गेले. सीझर शेवटी, ऑक्टोबरात. सौ. ही नावं देवाच्या नावासारखी घेते.

"अगं, सीझरनं सीएसटीवर हातबॉम्ब हुडकले होते," मी म्हणतो. "याला स्वतःची भाकरी सापडत नाही. ताटलीत पाय पडला की कळतं जेवण वाढलंय."

"तुम्ही कुठला बॉम्ब हुडकला? तरी सांभाळतेच की मी."

याला उत्तर नसतं. मी बत्ता घेऊन बाहेर जातो.

रतन टाटा गेले तेव्हा, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांनी मृत्युपत्रात टिटो नावाच्या आपल्या जर्मन शेफर्डची कायमची तजवीज केल्याची बातमी आली. मला ते फार भिडलं. मीही कागद घेऊन बसलो. जुन्या जालन्यातलं अडीच खोल्यांचं घर, किक मारल्यावर विचार करून सुरू होणारी एक स्कूटर, शाल-श्रीफळातली शाल (श्रीफळाची चटणी झाली होती) आणि बाळ्या. घर, स्कूटर, शाल यांची वाटणी पाच मिनिटांत झाली. बाळ्यापाशी पेन अडला. व्हिडिओ कॉलवर मुलगा आणि मुलगी दोघांना घेतलं.

मुलगा म्हणाला, "आमच्याकडे जागा लहान आहे. जिने आहेत. रात्री उठायला लागलं तर?"

मुलगी म्हणाली, "सहा महिने मी बघेन, सहा महिने दादानं बघावं."

"खाण्यापिण्याचं पथ्य आहे ना," सूनबाई मागून म्हणाली. "आणि दिवसभर घरी कुणी नसतं."

"एखादं चांगलं ठिकाण असतं हल्ली," मुलगा म्हणाला, "पैसे भरले की सगळं तेच बघतात. रविवारी जाऊन भेटता येतं."

मी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हे बाळ्याबद्दल चाललंय ना?"

तिकडे दोघंही एकदम म्हणाले, "बाबा, तुमचा आवाज येत नाहीये."

मृत्युपत्र अजून तसंच आहे. शाल मात्र कामाला आली. सौ.ला त्याचा वाढदिवस करायचा होता. टँकरखाली सापडलेल्याचा वाढदिवस कोण सांगणार? तिनं पोळा धरला. वर्षभर राबलेल्या जनावराचा दिवस आहे, असं ती म्हणाली. बाळ्या कधी राबला, असं मी विचारलं नाही. घरात अजून एक निवृत्त माणूस होता.

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळण. बैलाच्या खांद्याला लावतात तसं हळद-लोणी बाळ्याच्या खांद्याला लावलं. लोणी कुठून येतंय ते त्याच्या लगेच लक्षात आलं, मान मात्र तेवढी वळत नव्हती. तो स्वतःभोवती गोल फिरू लागला. बारा वर्षांत त्यानं एवढा व्यायाम केला नव्हता. सकाळी आंघोळ, कपाळाला कुंकू, अंगावर झूल म्हणून माझ्या निरोप समारंभाची शाल. त्या समारंभात साहेब माझ्याविषयी "कार्यालयाचा आधारस्तंभ" म्हणाले होते. शाल बाळ्याला जास्त शोभत होती, हे मला कबूल करावं लागेल.

गल्लीत पेढे वाटायला निघालो. नेमकं त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबद्दलचा आपला आधीचा आदेश बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा मूळ जागी सोडा, असं सांगितलं होतं. टीव्हीवर सगळीकडे तेच. शालीतला कुत्रा आणि पेढ्याचा पुडा बघून कोपऱ्यावरचे वकीलसाहेब धावत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन! याचिकेत तुम्हीपण होता?"

"नाही हो, वाढदिवस आहे."

"वा! निकाल वाढदिवसालाच!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं की मी दिल्लीपर्यंत लढून आलोय. बाळूकाकांनी एवढंच विचारलं, "खर्च किती आला?"

आमच्या भागात आता बैलजोड्या हाताच्या बोटांवर उरल्यात. बाकी घरोघरी मातीचे. त्यातली एक जोडी झूल, बाशिंगं आणि घुंगरमाळा घालून मारुतीच्या दर्शनाला निघाली. पोरांनी बाळ्यालाही मागं लावलं. पन्नास पावलांवर तो रस्त्याच्या मधोमध बसला. मागून ट्रॅक्टर, त्याच्यामागं डीजे, त्याच्यामागं आणखी बैल. सगळं थांबलं. पोरं ओरडली, सौ.नं पुरणाची पोळी नाकाशी धरली, डीजेवाल्यानं आवाज वाढवला. बहिऱ्याला त्याचं काय? मी बत्ता आणायला घराकडे पळालो.

परत येतो तर पुढचा म्हातारा बैल मागं वळून उभा. त्यानं बाळ्याचं डोकं हुंगलं. मग माशी उडवायला मान झटकली. घंटा दोनदा वाजली. बाळ्याला ती कशी कळली देव जाणे. बैलाचं नाकाड त्याच्या कपाळाला टेकलेलं होतं, तेवढ्यातून हादरा गेला असावा. त्याचा डावा कान हलला. शेपटीचं टोक हललं. आणि एकाही वाटाघाटीशिवाय चारही पाय उभे राहिले. शाल सावरत तो बैलाशेजारून थेट मारुतीपर्यंत गेला. मी मागून बत्ता घेऊन. देवळातल्या एका आजीनं मला विचारलं, "गदा आणलीस व्हय रे, बाबा?"

दिवाळीनंतर भाऊ आले. बँकेचं काम होतं म्हणाले. हातात पिशवी, पिशवीत मऊ बिस्किटं. फाटकातून आत आले, जिन्याखाली बघितलं. बाळ्या झोपलेला. भाऊंनी खिशातून चिमटा काढला आणि फाटकावर वाजवला. टण, टण. कान हलला नाही. जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. बाळ्यानं झोपेतच कूस बदलली आणि घोरू लागला.

"ओळखलं नाही त्यानं," भाऊ म्हणाले.

"तसं नाही हो, तो जरा..." मी म्हणालो. पण भाऊ चहा प्यायलेही नाहीत नीट. बशीकडे बघत बसले. साडेसातची पुण्याची गाडी धरायची होती. जाताना चिमटा माझ्या हातात दिला. "बत्ता घरात वापरा," म्हणाले.

ते कोपऱ्यावरून वळले, रिक्षा गेली. बरोबर पंधरा मिनिटांनी जिन्याखाली हालचाल झाली. बाळ्या उठला. फाटकापाशी गेला, कडीचा वास घेतला, भाऊंच्या चपला होत्या त्या फरशीचा वास घेतला, बिस्किटांच्या पुड्याचा घेतला. प्रकरण समजून घेतलं. आणि मग तो भुंकायला लागला. तीनदा नाही. थांबेच ना. शेपटी अशी हलत होती की मागचे पाय तिच्याबरोबर डावीउजवीकडे जात होते. बाळूकाका ओट्यावर आले आणि पहिल्यांदाच काही न विचारता उभे राहिले.

बराच वेळ झाला तरी तो थांबेना, तेव्हा मी फोन लावला. "भाऊ, कुठवर आलात?"

"बदनापूर येईल आता. का हो?"

मी फोन बाळ्याच्या तोंडाशी धरला. पलीकडे गाडीचा खडखडाट, कुणाचं तरी रडणारं पोर. भाऊ काहीच बोलले नाहीत. मग घंटीचा आवाज आला. एकच. मागून कंडक्टर ओरडला, "कोणी ओढली दोरी?" आणि फोन बंद झाला.

रात्री साडेनऊला फाटक वाजलं. भाऊ होते. पिशवी गाडीतच राहिली होती, एका पायाला धूळ, कुणाच्या तरी मोसंबीच्या टेम्पोतून आलो म्हणाले. आत वाकून जिन्याखाली बघितलं. बाळ्या बिस्किटं खाऊन, भुंकून दमून, गाढ झोपला होता. सौ.नं आतून विचारलं, "भाकरी टाकू ना?"

"टाका," भाऊ गोणपाटाच्या कडेला बसत म्हणाले. "पंधरा मिनिटं बसतो."